श्राद्धाचं तूप

हे मी मराठीत लिहिते आहे त्याचं कारण फारसं अभिमानाचं नाही. तंजावुरातल्या आमच्या घरात मराठी सगळेच बोलतात, पण देवनागरी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. मी शाळेत असताना हट्टाने हिंदीच्या परीक्षा दिल्या, म्हणून मला येते. कॉलेजात मी इंग्रजीत शिकवते, भाजीवालीशी तमिळमध्ये भांडते, आणि ज्याची लाज वाटते ते या लिपीत लिहिते. घरच्यांना आता सगळं कळलं आहे. कॉलेजात अजून कुणाला माहीत नाही, आणि आमच्या स्टाफरूममध्ये मराठी वाचणारं कुणी नाही, हे मी आधी पाहून ठेवलं आहे.

मी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका. ज्ञानेंद्रियांचा धडा दरवर्षी माझ्याकडेच येतो, कारण तो मी रंगवून शिकवते अशी माझी ख्याती आहे. साप जीभ बाहेर काढतो ते चावण्यासाठी नव्हे, हवेतले कण टिपण्यासाठी. ते कण तो टाळूतल्या दोन लहान खळग्यांपाशी नेतो आणि तिथे त्याला वास कळतो. जिभेला दोन टोकं असल्यामुळे उंदीर डावीकडे गेला की उजवीकडे, तेही समजतं. माशाच्या कुशीवर एक बारीक रेघ असते, तिच्यातल्या पेशींना पाण्याची हालचाल जाणवते. मांगूर माशाच्या मिशांवरच नाही तर सगळ्या अंगावर चव घेणाऱ्या कळ्या असतात. "म्हणजे तो पायसात पडला तर पाठीनेच गोड म्हणेल," असं मी म्हणते आणि वर्ग हसतो. दरवर्षी त्याच ठिकाणी हसतो.

माणसाच्या नाकाशी आले की मी थोडी नाक वर करूनच बोलायचे. नाकाच्या अगदी छताशी टपाल तिकिटाएवढा एक पट्टा असतो, वास घेणाऱ्या पेशी तेवढ्याच जागेत. त्यांचे तंतू चाळणीसारख्या एका हाडातून वर मेंदूत जातात. कुत्र्याच्या मानाने आपण दरिद्रीच. पण माझं नाक दरिद्री नव्हतं. पलीकडच्या घरात आमटीला फोडणी पडली तर त्यांनी हिंग कमी घातला हे मी इथून सांगायचे. त्या नाकामुळेच सासूबाईंनी श्राद्धाचा स्वयंपाक माझ्या हाती दिला होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्यात श्राद्धाच्या दिवशी पानं वाढून होईपर्यंत कुणी काही चाखायचं नाही. मीठ बरोबर आहे का, खीर जमली का, बोट लावून बघायचं नाही. मुद्दाम वाकून हुंगायचंही नाही; ते उष्टं करण्यासारखंच. वाफेबरोबर आपसूक नाकाशी येईल तेवढंच आपलं. त्या तेवढ्यावर आमच्या घरच्या बायका पिढ्यान् पिढ्या सगळा स्वयंपाक काढत आल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागले तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "तूं कर अत्तां. तुझं नाक बरं अहे." माझ्या मोठ्या जाऊबाई चेन्नईला असतात, पण त्या तेव्हा आल्या होत्या आणि तिथेच उभ्या होत्या. मी मान खाली घातली, पण आतून फुगले होते.

यंदा पोंगलनंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, मला ताप आला. साधा, आठवडाभराचा. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. एका सकाळी कॉफीचा पेला तोंडाशी नेला तर नुसतं गरम, कडू, गोड पाणी. मी डबा उघडून पूड नाकात जाईपर्यंत हुंगली. शिंक आली, वास आला नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे मी एकटीच गेले. त्यांनी सांगितलं की येईलही परत, थांबायचं, घरी सांगून ठेवा, गॅस वगैरे असतो. मी हो म्हटलं आणि घरी येऊन सर्दी आहे म्हणून सांगितलं. का लपवलं? दृष्टी गेली तर लोक हात धरतात, ऐकू येईनासं झालं तर मोठ्याने बोलतात. नाक गेलं म्हटलं तर लोक हसतात, आणि मग स्वयंपाकघरातून हळूच बाजूला करतात. मला बाजूला व्हायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी ठरवून टाकलं.

लपवणं मला छान जमायला लागलं. मिरचीचा ठसका आणि कांद्याची झोंब अजून कळायची, कारण ते काम वेगळ्या चेतातंतूंचं. त्यामुळे फोडणीला सगळे खोकले की मीही मनापासून खोकायचे. मोहरीचा आवाज ऐकून तेल तापलं ते ओळखायचे, डाळीचा रंग बघून गॅस बंद करायचे. अंधाऱ्या गुहेतल्या आंधळ्या माशांबद्दल मी वर्गात किती कौतुकाने बोलते; आता स्वतःचंही कौतुक करू लागले. एकदा प्रयोगशाळेत मुलांनी मासे काढले आणि सगळी मुलं रुमाल लावून मागे सरली. मी त्या ट्रेवर वाकून अर्धा तास कल्ले दाखवत बसले. मागाहून कळलं की मासे पार कुजले होते. "मॅडमना काही होत नाही," असं मुलं आदराने सांगत फिरली. मी तो आदर घेतला.

दूध मात्र दोनदा लागलं. दोन्ही वेळा पुढच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "अगो, दूध बघ." मी म्हटलं, पेपर तपासत होते.

सासऱ्यांचं श्राद्ध ऐन उन्हाळ्यात येतं. यंदा त्याच्या आधी सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यासाठी त्या कुंभकोणमला माझ्या नणंदेकडे जाऊन राहिल्या. जाण्यापूर्वी त्यांनी लोणी काढून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. श्राद्धाचं तूप घरच्याच लोण्याचं लागतं. त्या आठवड्यात वीज सारखी जात होती. मी कॉलेजात, नवरा ऑफिसात, फ्रिज दिवसभर बंद. आदल्या दिवशी मी लोणी बाहेर काढलं. रंग बरा दिसत होता. कढवलं, शेवटी आमच्याकडे टाकतात तशी शेवग्याची पानं टाकली, ती कुरकुरीत होऊन वर आल्यावर गॅस बंद केला. तूप सोन्यासारखं दिसत होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या भांड्याचा फोनवर फोटोसुद्धा काढला.

सासूबाई त्या संध्याकाळी परत आल्या. डोळ्याला धूर लागू नये म्हणून त्यांना स्वयंपाकघरात यायची बंदी होती. एरवी त्या दाराशी पाटावर बसून सगळ्यावर नजर ठेवायच्या. नजर म्हणजे नाकच. यंदा त्या पुढच्या खोलीत काळा चष्मा लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी वडे तळले, आमटी केली, खीर केली आणि सगळ्यावर ते तूप सढळ हाताने घातलं. जेवायला दोघे ब्राह्मण बसले. एकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात क्षणभर पानावरच थांबला. मग ते जेवत राहिले. श्राद्धाच्या पंगतीत अन्नाला बरं म्हणायचं नाही आणि वाईटही म्हणायचं नाही, हा नियम आहे. मी पुन्हा तूप घेऊन गेले. त्यांनी हाताने पुरे म्हणून खूण केली. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं, जास्त तूप सोसत नसेल. शेवटी चेन्नईहून आलेल्या माझ्या थोरल्या दिरांनी विचारलं, तृप्त झालात का. ते म्हणाले, तृप्त झालो. तिथे दुसरं काही म्हणताच येत नाही.

गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी घास ठेवला होता. कावळा लगेच आला आणि सगळं खाऊन गेला. सासूबाईंना कुणीतरी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी काळ्या चष्म्याखालून डोळे टिपले. "त्यांना पोचलं," त्या म्हणाल्या.

मग आम्ही घरचे बसलो. मला कडकडून भूक लागली होती. मी भातावर तूप ओतून घेतलं आणि जेवू लागले. आंबट, तिखट, खारट सगळं जिथल्या तिथे होतं. मान वर केली. माझा नवरा भात नुसताच चिवडत होता. सासूबाई मात्र संथपणे एकेक घास गिळत होत्या.

"तुपाला सिक्कु वास येतोय की," जाऊबाई शेवटी म्हणाल्या. वाईट बाई नाहीत त्या. बिचाऱ्यांनी किती वेळ दम धरला होता. सिक्कु म्हणजे खवट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

खवटपणा जिभेला कळत नाही, तो नाकालाच कळतो, हे मी दरवर्षी शिकवते. कावळ्याच्या मेंदूत वासाचा भाग अगदी छोटा असतो, तो डोळ्यांवर जगतो, हेही शिकवते. त्या दिवशी आमच्या घरात ते जेवण आवडीने दोघांनीच खाल्लं होतं, कावळ्याने आणि मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ते लोणी मीच काढून ठेवलं होतं. काल मीच हुंगून दिलं, मीच बरं अहे म्हणून सांगितलं. माझं नाक गेलं गो अत्तां."

आदल्या दिवशी मी तूप कढवलं तेव्हा त्या कुंभकोणमहून निघाल्यासुद्धा नव्हत्या. हे घरात फक्त आम्हां दोघींना ठाऊक होतं. मी उघडलेलं तोंड मिटलं.

सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. "वय झालं आई, चालायचंच," दीर म्हणाले. जाऊबाईंनी सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. मला कुणी काही बोललं नाही. उलट, म्हातारीच्या शब्दावर विश्वास ठेवून बिचारी फसली, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी ती नजरही घेतली.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. माझ्या नवऱ्याने फर्मान काढलं की आईने एकटीने गॅस पेटवायचा नाही. वासच येत नसेल तर काय भरवसा. आमच्या घरातली पहाटेची कॉफी सासूबाईंची. सगळे झोपलेले असताना त्या उठायच्या, फिल्टरमधलं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, काढायच्या, दूध तापवायच्या आणि मागच्या पायरीवर बसून पहिला पेला एकट्या प्यायच्या. सासरे गेल्यावरसुद्धा त्यांनी ती पायरी सोडली नव्हती. आता कॉफी मी करू लागले. कधी फिकी, कधी जळकी. त्या खोलीत बसून माझ्या उठण्याची वाट बघायच्या, आणि मी नेऊन दिलेला पेला संपवायच्या.

दोन शब्द बोलायचे होते मला. एकांत मिळत होता, रोज मिळत होता. पण मी स्वतःची समजूत घालत होते. वयाबरोबर वास कमी होतो, हे पुस्तकातच आहे. कदाचित त्यांचं नाक खरंच गेलं असेल, दूध बघ म्हणाल्या तो अंदाज असेल. शिकलेल्या माणसाला भ्यायचं असेल तर पुस्तकं फार उपयोगी पडतात. त्यांची नजर चुकवत मी पहाटेचा पेला त्यांच्या हातात देत राहिले. लाज वाटायची, पण लाज वाटते म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, असं त्यातही एक समाधान मी शोधून काढलं होतं.

मग नवऱ्याने फोनवर कुठेतरी वाचलं की म्हातारपणी वास जाणं ही कधीकधी विसराळूपणाच्या आजाराची सुरुवात असते. तो घाबरला. त्रिचीला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं, डोक्याचा स्कॅन करायचा, असं बोलू लागला. त्याआधी घरीच एकदा बघू म्हणून एका रविवारी त्याने आईला खुर्चीवर बसवलं आणि स्वयंपाकघरातून चारपाच डबे आणले. मी आत दूध मंद आचेवर ठेवून बाहेर आले होते.

"डोळे मीट आई. हे काय आहे सांग." त्याने कॉफीच्या पुडीचा डबा उघडून त्यांच्या नाकाखाली धरला.

सासूबाईंनी डोळे मिटले. "कळत नाही," त्या म्हणाल्या.

"नीट घे वास."

"काहीच नाही रे."

मी त्यांच्यासमोर उभी होते. त्यांचा चेहरा अगदी स्थिर होता. पण गळ्याची सुरकुतलेली कातडी हलली. त्यांनी आवंढा गिळला, आणि लगेच पुन्हा एकदा गिळला. ओळखीचा वास नाकात शिरला की तोंडाला पाणी सुटतं. ते माणसाच्या हातात नसतं, नको म्हटलं तरी सुटतं. इतके आठवडे माझी बेचव कॉफी पिणाऱ्या त्या बाईच्या तोंडाला ताज्या पुडीच्या वासाने पाणी सुटलं होतं, आणि ते गिळून त्या माझ्यासाठी खोटं बोलत होत्या. पुढे त्रिची, पुढे ते यंत्र, आणि तिथेही त्या खोटंच बोलल्या असत्या. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

नवरा दुसरा डबा उचलत होता. "थांबा," मी म्हणाले. "आधी मला विचारा."

"तुझं काय?" तो हसला.

"तिज नको विचारूस," सासूबाई एकदम तीक्ष्णपणे म्हणाल्या. त्यांचे डोळे उघडले होते.

मी खुर्चीजवळ खाली बसले आणि डोळे मिटले. झाकण उघडल्याचा आवाज आला. मी आत श्वास घेतला, पुन्हा घेतला. नाकातून थंड हवा गेली. बाकी काही नाही.

"सांग की," नवरा म्हणाला. "हे काय चेष्टा करतेस?"

मी डोळे उघडले. त्याने हिंगाचा डबा माझ्या नाकाला टेकेल इतका जवळ धरला होता आणि स्वतःचं तोंड वाकडं करून दुसरीकडे फिरवलं होतं.

"पोंगलपासून मला वास येत नाही," मी म्हणाले. "लोणी फ्रिजमधून मीच बाहेर काढलं, तूप मीच कढवलं. आई तेव्हा कुंभकोणमलाच होत्या."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे इतके दिवस," तो सावकाश म्हणाला, "आईला गॅसपाशी जाऊ देत नव्हतो आपण, आणि तू रोज बघत होतीस?"

मी मान हलवली. सासूबाईंकडे बघायची हिंमत नव्हती.

त्याच मग बोलल्या. "मी म्हातारी. माझं नाक गेलं म्हटलं तर कोण काय म्हणणार? तुज अजून कितीक वर्षं रांधायचं अहे या घरात." आणि मग तशाच सुरात, वळूनही न बघता म्हणाल्या, "अण दूध लागतंय."

आम्ही दोघं दाराकडे वळलो. तिथून काहीच दिसत नव्हतं, आणि नवऱ्याला अजून वासही आला नसावा, कारण तो गोंधळून बघत होता. मी उठणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मी आत जाऊन बघितलं तर दूध बुडाशी नुकतंच धरू लागलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं होतं आणि फिल्टर पुढ्यात ओढला होता.

कॉफी करून त्या मागच्या पायरीवर गेल्या आणि मला बोलावलं. मी त्यांच्या शेजारी नाही, एक पायरी खाली बसले. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि मी घोट घेईपर्यंत थांबल्या.

"कशी अहे?"

नेहमीप्रमाणे छान झाली आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. इतक्या महिन्यांची सवय.

"गरम आहे," मी म्हणाले. "गोड आहे. थोडी कडू."

"अण?"

"अण काही नाही, आई."

त्यांनी मान हलवली, माझ्या हातातला पेला घेतला आणि उरलेली कॉफी स्वतः प्यायल्या.